वाढत्या वयातले वजन: किती उतरवायचे, किती थांबवायचे

या वेळच्या सदरासाठी बेळगाव, निपाणी, हुक्केरी आणि खानापूर भागांतून आलेली, किशोरवयीन मुलामुलींच्या वजनाविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पत्रावरून तपासणी होत नाही, त्यामुळे खालील उत्तरे वाचल्यानंतरही मुलाला एकदा बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे, ही विनंती.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा असून आठवीत आहे. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशन सुटल्यावर मित्रांबरोबर गोबी मंच्युरी किंवा बेकरीतला पफ आणि वर कोल्ड्रिंक, असा रोजचा क्रम झाला आहे. यजमानांनी त्याला सांगितले आहे की, दिवाळीपर्यंत दहा किलो उतरव, मग सायकल घेऊन देतो. सासूबाई म्हणतात, वाढते वय आहे, खाऊ द्या, उंची वाढली की आपोआप ताणला जाईल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि यजमानांची काळजीही अनाठायी नाही. चुकला आहे तो दिवाळीपर्यंत दहा किलो हा हिशेब. मोठ्या माणसाची उंची ठरून गेलेली असते, म्हणून त्याच्या बाबतीत वजनकाटा बरेच काही सांगतो. तेराव्या वर्षी मुलगा उंचीच्या सर्वांत वेगवान टप्प्याच्या तोंडाशी असतो. बहुतेक मुलग्यांची उंची तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. मुलींमध्ये हा टप्पा साधारण दोन वर्षे आधी येऊन जातो. या काळात हाडे, स्नायू, रक्त सारेच वाढत असते आणि त्यासाठी अन्न लागते. पोट मारून तीन-चार महिन्यांत उतरवलेले दहा किलो सगळे चरबीचे नसतात. त्यांत स्नायूही झिजतात, आणि कमी अन्न फार काळ चालू राहिले तर उंचीचीही वाढ मंदावते.

किशोरवयीन मुलाचे वजन योग्य आहे की नाही, हे बीएमआय काढून आणि तो त्याच्या वयाच्या तक्त्यावर मांडून ठरवतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आपल्या मुलाचा तो २६.४ येतो. मोठ्यांसाठीचे आकडे येथे लावू नयेत. इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, मुलग्यांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. त्यांवर जादा वजन आणि लठ्ठपणा दाखवणाऱ्या दोन रेषा आहेत. अठराव्या वर्षी त्या अनुक्रमे २३ आणि २७ या आकड्यांशी पोचतात आणि लहान वयात त्याहून खाली असतात. आपल्या मुलाचा बिंदू आज वरच्या रेषेच्याही वर पडतो. तेव्हा प्रश्न खरा आहे, आणि 'आपोआप ताणला जाईल' म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

आता पुढचा हिशेब पाहा. वजन ६१ किलोवरच राहिले आणि उंची १६० सेंटिमीटर झाली, तर बीएमआय २३.८ होतो, उंची १६६ झाली, तर २२.१. एक किलोही न उतरवता तो लठ्ठपणाच्या रेषेखाली येऊ शकतो. याउलट उंची १६० होईपर्यंत वजन ६९ वर गेले, तर बीएमआय जवळजवळ २७ होईल, म्हणजे उंची वाढूनही लाभ शून्य. सासूबाईंना हे दोन आकडे कागदावर मांडून दाखवावेत. आपल्या नातवाचे जेवण तोडले जात नाही हे कळले की त्यांचा विरोध मावळेल, अशी मला आशा आहे. पहिल्या सहा महिन्यांचे उद्दिष्ट म्हणून 'वजन ६१ च्या आसपास, एखादा किलो इकडेतिकडे' एवढेच लिहावे, आणि त्याखाली उंचीची नोंद ठेवावी. वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर आणि एकाच वेळी करावे. रोज सकाळी काट्यावर उभे करण्याने मुलाला फक्त धास्ती बसते, कारण दिवसादिवसातला फरक बहुतांशी पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो.

उद्दिष्ट ठरवण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जावे. मानेच्या मागे किंवा काखेत मळ साचल्यासारखा काळसर, मखमली थर आहे का आणि तो घासूनही जात नाही का, हे आपणच आज पाहावे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. पुष्कळ घरांत अशा मुलाला साबणाने खरवडून आंघोळ घालतात आणि वर अस्वच्छतेबद्दल बोलणीही बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. मूल झोपेत मोठ्याने घोरते का, मध्येच श्वास अडकतो का, दिवसा पेंगते का, गुडघा किंवा जांघ दुखून लंगडते का, डोके वारंवार दुखते का, हेही डॉक्टरांना सांगावे. दहा वर्षांवरील लठ्ठ मुलाचा रक्तदाब मोजून साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घेणे योग्य असते. थायरॉइडचा संशय मात्र बहुतेक पालक विनाकारण घेतात. ज्या मुलाचे वजन वाढते आणि उंचीही वयाप्रमाणे किंवा त्याहून जास्त वाढते, त्याच्यात ग्रंथींचा दोष क्वचितच सापडतो. वजन वाढत असून उंची खुंटली असेल, तर तो शोध अवश्य घ्यावा.

पहिल्या महिन्यात एकच बदल करावा आणि तो पेयांचा असावा. कोलाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून जास्त साखर असते, आणि द्रव साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नसल्याने नंतरचे जेवण कमी होत नाही. दप्तरात पाण्याची बाटली, घरी ताक किंवा साखर न घातलेले लिंबूपाणी, एवढे पहिल्या महिन्यात पुरे. दुसऱ्या महिन्यात ट्यूशननंतरच्या खाण्याकडे वळावे. दुपारी एक-दीडला जेवलेला तेरा वर्षांचा मुलगा सायंकाळी सातला भुकेलेला असणारच. तेथे त्याच्या मनोनिग्रहाची परीक्षा पाहणे अन्यायाचे आहे. ट्यूशनला जाण्यापूर्वी त्याला घरी काही भरीव द्यावे: मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी, उकडलेली अंडी, कोसंबरी (भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर), किंवा शेंगदाणे-चुरमुरे आणि एक केळे. मग गोबीच्या गाड्यापाशी तो थांबला, तरी आठवड्यातून एखाद्या वेळी थांबेल. ती एखादी वेळही बंद करू नये, कारण मित्रांमध्ये 'मला घरून परवानगी नाही' असे म्हणावे लागणे त्या वयात फार लागते.

जेवणात त्याच्यासाठी वेगळे ताट करू नये, हा माझा आग्रह आहे. धाकट्या बहिणीला तूप-साखर पोळी आणि याला काकडी, असे वाढले की मूल चोरून खायला शिकते. सगळ्या घरानेच भाताचे पातेले आणि भाजीची कढई यांचे प्रमाण बदलावे: भात एक वाटी, भाजी दोन वाट्या, आमटी घट्ट, भाकरी ज्वारीची किंवा नाचण्याची. वाढून झाले की भांडी स्वयंपाकघरात परत न्यावीत. समोर राहिलेले पातेले भूक नसतानाही हात ओढून घेते. पाहुण्यांबरोबर आलेला कुंदा घरात सर्वांनी एकेक चमचा खाऊन संपवावा आणि मग आठवडाभर त्याचा विषय काढू नये.

सायकलीविषयी यजमानांना एक विनंती आहे. ती दिवाळीला, अटीवर देऊ नये, आजच द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटे दम लागेल असा व्यायाम हवा, आणि ती साठ मिनिटे मिळवण्याचे साधन आपण बक्षीस म्हणून कुलपात ठेवले आहे. रेल्वे गेटाजवळच्या वाहतुकीची भीती वाटत असेल, तर पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला वडिलांनी बरोबर जावे. दोघांचाही व्यायाम होईल. झोपेचाही विचार करावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला शाळेची तयारी, असा क्रम असेल, तर भूक वाढवणारी संप्रेरके जोर धरतात आणि ताटातले सगळे नियोजन कोलमडते.

सहा महिन्यांनंतरही बीएमआय चढतच राहिला किंवा तपासणीत काही दोष आढळला, तर डॉक्टर प्रत्यक्ष वजन कमी करण्याचे उद्दिष्ट देतील. तेव्हाही घाई नसावी. महिन्याला एक ते दोन किलो हा वेग पुरेसा आहे. आठवड्याला किलोभर उतरणे ही किशोरवयीनांसाठी वरची मर्यादा समजावी, आणि तीही फक्त वैद्यकीय देखरेखीखाली.

प्रश्न: मी सोळा वर्षांची असून पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. दोन महिन्यांनी चुलत बहिणीचे लग्न आहे आणि तोपर्यंत मला बारीक व्हायचे आहे. मी दिवसातून एकदाच खाते. वजन उतरते आहे, पण प्रार्थनेच्या वेळी चक्कर येते, केस गळतात आणि दोन महिने पाळी आलेली नाही. घरी कोणाला सांगितलेले नाही. लवकर वजन उतरेल असा सुरक्षित उपाय सांगावा.
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर: तू पत्रात तुझी उंची, वजन, गाठायचा आकडा आणि दिवसभरात काय काय मोजून खातेस, हे सर्व लिहिले आहेस. ते आकडे येथे मुद्दाम छापलेले नाहीत, कारण ते वाचून तुझ्याच वयाची दुसरी एखादी मुलगी मोजायला लागेल, याची मला भीती वाटते. तुला मात्र स्पष्ट सांगतो. उपास सुरू करण्यापूर्वीचे तुझे वजन तुझ्या उंचीला आणि वयाला अगदी योग्य होते. तू गाठू पाहतेस तो आकडा तुझ्या वयाच्या मुलीसाठी धोक्याचा आहे. त्यामुळे वजन उतरवण्याचा कोणताही सुरक्षित उपाय तुझ्यासाठी नाही, आणि मी तो देणारही नाही.

वयात येताना मुलीच्या मांड्या, नितंब आणि छातीवर चरबीचा थर वाढतो तो शरीराच्या रचनेचा भाग आहे. तो संप्रेरकांमुळे येतो आणि पाळी नियमित येण्यासाठी आवश्यक असतो. शरीराला मिळणारे अन्न गरजेपेक्षा फार कमी पडले, की मेंदू सर्वप्रथम पाळीचे काम थांबवतो. पाळी थांबली म्हणजे स्त्रीसंप्रेरक घटले, आणि ते घटले की हाडे भरणे थांबते. आयुष्यभराची हाडांची जवळजवळ निम्मी ठेव किशोरवयातच जमा होते, आणि तिची नंतर पूर्ण भरपाई होत नाही. केस गळणे आणि चक्कर येणे हीही याच अपुऱ्या अन्नाची चिन्हे दिसतात. त्यात रक्तक्षयाची भर असू शकते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील देशातल्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या वयात निम्म्याहून जास्त मुलींचे रक्त आधीच कमी आहे, त्या वयात जेवण तोडणे किती महागात पडते, याचा विचार कर. शाळा-कॉलेजात मिळणारी लोहाची निळी गोळी अवश्य घे, पण ती जेवणानंतर घे. गोळी जेवणाची जागा घेत नाही.

आता काय करायचे ते सांगतो. हे पान आज आईला वाचायला दे. बोलणे जमत नसेल, तर नुसते तिच्यासमोर उघडून ठेव. या आठवड्यात तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. पाळी थांबण्याची इतर कारणेही असू शकतात आणि ती तपासावी लागतात. कर्नाटकात सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी 'स्नेहा क्लिनिक' नावाची सल्लाकेंद्रे आहेत, तेथेही मोकळेपणाने बोलता येते. जेवायचे विचार दिवसभर डोक्यातून जात नसतील, खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल, उलटी काढावीशी वाटत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो; तो विनामूल्य आहे. बेशुद्ध पडलीस, छातीत धडधडले किंवा दोन-तीन दिवस काहीच खाववत नाही असे झाले, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे लागेल.

जेवण एकदम पूर्वीइतके करता येणार नाही, पोट जड वाटेल. सकाळी पोहे किंवा उपीट, मधल्या वेळी दूध किंवा मूठभर शेंगदाणे, दोन्ही वेळा भाकरी-भाजी-आमटी-भात, अशी सुरुवात कर आणि डॉक्टर सांगतील तसे वाढव. लग्नासाठीचा घागरा तुझ्या मापाने शिवून घे. शिंप्याला दोन महिने पुष्कळ झाले.

तिच्या आईसाठीही दोन शब्द. रागावू नका, आणि 'एवढीशी तर आहेस' असे म्हणून विषय झटकून टाकू नका. लग्नघरात जमलेल्या मावश्या-आत्या मुलीच्या अंगावरून हात फिरवून 'जरा सुटलीस गं' किंवा 'वाळलीस गं' असे सहज म्हणतात. या लग्नात तसे कोणी म्हणू लागले, तर मुलीसमोरच त्यांना थांबवा. मुलीला त्या क्षणी कोणीतरी आपल्या बाजूने बोलले, हे फार मोलाचे असते.

प्रश्न: आमच्या तालमीतला सोळा वर्षांचा पैलवान ५८.५ किलोचा आहे. त्याला ५५ किलोच्या गटात उतरवायचे ठरले आहे आणि वजन घ्यायला सहा दिवस उरले आहेत. पूर्वी आम्ही पाणी कमी करून, अंगावर रबरी जाकीट चढवून, बंद खोलीत जोर-बैठका मारून वजन तोडत असू. हल्ली असे करू नये असे ऐकतो. खरे काय?
— एक वस्ताद, कंग्राळी परिसर, बेळगाव

उत्तर: वस्ताद, आपण विचारलेत हे फार चांगले झाले, कारण या वाटेने गेलेली मुले दगावल्याची नोंद आहे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन तरुण मल्ल असेच, पाणी तोडून आणि रबरी कपड्यांत घाम काढून वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील नियम बदलले, आणि शालेय मल्लांसाठी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवता येणार नाही, असे बंधन आले.

ते बंधन आपल्या मुलाला लावून पाहू. ५८.५ किलोचा दीड टक्का म्हणजे ८८० ग्रॅमच्या आत. साडेतीन किलो उतरवायला सुरक्षित वेगाने चार आठवडे लागतील, आणि तेही अंगावर तेवढी जादा चरबी असेल तरच. रोज दोन वेळा मेहनत करणाऱ्या मुलाच्या अंगावर ती बहुधा नसते. सहा दिवसांत जे साडेतीन किलो जातील ते जवळजवळ सगळे पाणी असेल. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटले, तरी दम आणि पकड कमी होऊ लागते. येथे आपण सहा टक्के घटवण्याचे म्हणत आहोत. रक्त दाट होते, अंगाचा घाम आटतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण येतो. लघवी गडद, चहासारखी होणे, पायात गोळे येणे, मूल असंबद्ध बोलू लागणे, ही लक्षणे दिसली तर मेहनत थांबवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लघवीच्या गोळ्या तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. त्या जिवाला धोकादायक आहेतच, शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंदी असलेल्या औषधांत मोडतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट पन्नास किलोच्या गटात केवळ शंभर ग्रॅम जास्त भरल्याने अंतिम लढतीपूर्वी बाद झाल्या, हे आपल्या तालमीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असेल. त्या प्रौढ, अनुभवी मल्ल होत्या, सोबत तज्ज्ञ होते, रात्रभर प्रयत्न झाले, आणि तरीही शेवटी त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सोळा वर्षांच्या मुलाकडून, वाढत्या हाडांवर, याहून सोपे काही घडेल असे मानण्याला आधार नाही.

माझा सल्ला असा, की या स्पर्धेत त्याला साठ किलोच्या गटात लढू द्यावे. पुढच्या हंगामासाठी गट आत्ता ठरवू नये. दर दोन महिन्यांनी उंची-वजन मोजावे आणि स्पर्धेच्या आठ-दहा आठवडे आधी पाहावे. या वयात उंची वाढणाऱ्या मुलाने दरवर्षी वरच्या गटात जाणे हेच स्वाभाविक आहे. खुराक चालू ठेवावा, मात्र थंडाईतली साखर आणि तुपाची धार मेहनतीच्या मानाने असावी. कुस्ती सोडल्यावर तोच खुराक चालू राहिला, की पंचविशीत अंग सुटते. ते तालमीच्या बाहेर पडलेल्या पोरांनाही सांगून ठेवावे.

प्रश्न: नात्यातले एक गृहस्थ वजन उतरवण्याची पावडर आणि हर्बल चहा विकतात. पंधरा वर्षांच्या मुलीला देऊ का?
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर: देऊ नये. जेवणाऐवजी पावडर प्यायल्याने वजन उतरते ते जेवण कमी झाल्यामुळे, आणि पावडर थांबली की ते परत येते; मुलगी मात्र मधल्या काळात जेवायला शिकलेली नसते. अशा अनेक चहांमध्ये सोनामुखीसारखी रेचक वनस्पती असते. तिने जुलाब होऊन काट्यावर किलोभर कमी दिसते, पण चरबी तेवढीच राहते; शरीरातले पोटॅशियम मात्र घटते. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या जाहिरातीही हल्ली दिसतात. ती खरी औषधे आहेत, आणि म्हणूनच मुलांच्या बाबतीत त्यांचा निर्णय फक्त तज्ज्ञ डॉक्टरांनी, सर्व तपासण्या करून घ्यायचा असतो. नातेसंबंध दुखावतील या भीतीने डबा विकत घ्यावाच लागला, तर तो फळीवर राहू द्यावा, मुलीच्या पेल्यात जाऊ देऊ नये.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलांमध्ये जागृती व्हावी म्हणून वर्गात सर्वांची वजने घेऊन तक्ता फळ्यावर लावावा आणि लठ्ठ मुलांचा वेगळा गट करून त्यांना जादा धावायला लावावे, असा विचार आहे. योग्य ठरेल का?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर: सर, आपला हेतू चांगला आहे, पण या दोन्ही गोष्टी करू नयेत. फळ्यावर लागलेले वजन दुसऱ्या दिवशी टोपणनाव बनते आणि ते दहावीपर्यंत सुटत नाही. ज्या मुलांना वजनावरून चिडवले जाते, ती खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगून वर्गात बसतात, एकटी असताना जास्त खातात, आणि त्यांचे वजन आणखी वाढते. शिक्षा म्हणून धावलेले मूल मोठेपणी धावत नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांवरून चालत येणारी आणि तालुक्याच्या गावात बसने येणारी मुले एकाच वर्गात असतात, हेही ध्यानात घ्यावे. एका बाकावर जादा वजनाचे मूल आणि शेजारी हाडे दिसणारे मूल, असे चित्र आपल्याकडे सर्रास असते. 'कमी खा' हा उपदेश सगळ्या वर्गाला केला, तर तो नेमका त्या दुसऱ्या मुलाच्या ताटावर पडतो. माध्यान्ह आहारातले अंडे 'चरबी वाढते' म्हणून कोणी टाकत असेल, तर त्याला थांबवणे हे आपले काम आहे.

मोजमाप करायचेच असेल, तर शाळा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून करून घ्यावे. एकेका मुलाला पडद्यामागे किंवा वेगळ्या खोलीत बोलवावे, आकडा मोठ्याने उच्चारू नये, नोंद बंद पाकिटातून पालकांकडे द्यावी, आणि उंची न मोजता नुसते वजन कधीच लिहू नये. खेळाच्या तासाला लंगडी, खो-खो, दोरीउड्या असे खेळ घ्यावेत, ज्यांत बाद झालेले मूल लगेच परत खेळात येईल असा नियम करता येतो. नाहीतर सर्वांत जड मूल सर्वांत आधी बाद होऊन उरलेला तास बसून काढते, आणि व्यायामाची गरज त्यालाच जास्त असते. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्गाचे खेळाचे तास गणिताला आणि विज्ञानाला देण्याची प्रथा आपल्या शाळेत असेल, तर मुख्याध्यापकांशी बोलून आठवड्यातले निदान तीन तास तरी खेळासाठी राखून घ्यावेत.